छंदाच्या रकान्यात लिहिण्याआधी

अर्ज कॉलेजचा असो, शिष्यवृत्तीचा असो की नोकरीचा, 'छंद' हा रकाना आला की आपल्याकडची बरीच मुलंमुली एकच ओळ लिहितात : प्रवास आणि फोटोग्राफी. ओळ खोटी नसते. मोबाइलमध्ये चार हजार फोटो असतातच. पण मुलाखतीत समोरचा माणूस सहज म्हणतो, "तुम्हांला आवडलेला एक फोटो दाखवा आणि त्याबद्दल दोन मिनिटं सांगा." मग बोट स्क्रीनवर वरखाली फिरत राहतं. शेवटी चिखलदऱ्याचा एक फोटो निघतो. हा कोणता पॉइंट? आठवत नाही. कोणत्या महिन्यात गेला होता? पावसाळा असावा. मागं दिसतं ते काय? किल्ला आहे सर.

हा लेख त्या दोन मिनिटांसाठी आहे. अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वरात किंवा तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात राहणारा, शिकणारा, खिशात बेताचे पैसे असलेला मुलगा किंवा मुलगी डोळ्यांसमोर ठेवून मी लिहितो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : लांब जाण्याआधी एकाच जागी पुन्हा पुन्हा जा, आणि प्रत्येक फोटोसोबत नोंद ठेवा. याला पैसा लागत नाही. चिकाटी मात्र लागते, आणि म्हणूनच सहसा कोणी ते करत नाही.

सुरुवात कुठून करायची याचं उत्तर गावाच्या नावातच आहे. खंडेश्वराचं देऊळ काळ्या पाषाणाचं, यादवकाळातलं. तिथल्या शिलालेखात शके ११७७ हे साल आहे, म्हणजे इसवी सन १२५४-५५. देवगिरीवर तेव्हा यादव राजा कृष्ण राज्य करत होता. लेखात कोणतीही लढाई नाही. देवाला फुलं वाहिली जावीत म्हणून दिलेल्या दानाची ती नोंद आहे. पावणेआठशे वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की फुलांच्या खर्चाची ही गोष्ट साल घालून दगडावर लिहून ठेवावी. लिहिली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. त्या वर्षी गावात आणखी कितीतरी घडलं असेल, त्यातलं काही उरलं नाही. फोटोखाली तारीख आणि नाव का लिहायचं, असं कुणी विचारलं तर मी त्याला या दगडासमोर उभं करीन.

याच शिलालेखातून दुसरी एक सवय लावून घेता येते. देवळाच्या फोटोखाली बहुतेक जण 'हेमाडपंतांनी बांधलेलं मंदिर' असं लिहून मोकळे होतात. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामदेवराय यादव यांच्या काळातला मंत्री, आणि हे दोघे राजे कृष्णानंतरचे. लेखातलं साल त्याच्या आधीचं आहे. म्हणून 'हेमाडपंती शैलीचं मंदिर' एवढंच लिहायचं. चुना न वापरता दगडात दगड बसवून केलेल्या बांधकामाला आपण हे नाव देतो, तेवढा अर्थ त्यात पुरेसा आहे. ओळ दोन शब्दांनी बदलली, पण वाचणाऱ्याला कळतं की लिहिणाऱ्यानं थांबून विचार केला होता.

आता फोटोकडे. देवळात चार वेगवेगळ्या वेळी जा : उजाडल्यावर, सकाळी दहाला, दुपारी आणि दिवस मावळण्याच्या आधीच्या तासात. चारही वेळा त्याच जागी उभे राहून तोच खांब टिपा. घरी येऊन चारही फोटो शेजारी ठेवा. प्रकाशाबद्दल एवढं शिकवणारा दुसरा पाठ मला माहीत नाही. सूर्य समोरून आला की नक्षी सपाट होते. तो बाजूनं, तिरपा आला की प्रत्येक खाचेला सावली मिळते आणि दगड उठून दिसतो. झिजलेली अक्षरं वाचायचीही हीच युक्ती. टॉर्च समोरून मारू नका. भिंतीला जवळजवळ टेकवून एका बाजूनं धरा, मित्राला धरायला सांगा, आणि प्रकाश हळूहळू फिरवत फोटो घ्या. डाव्या बाजूच्या प्रकाशात न दिसलेलं अक्षर उजव्या बाजूच्या प्रकाशात दिसतं. लेखावर खडू, पीठ, हळद किंवा तेल चोळायचं नाही. अक्षर उठून दिसावं म्हणून लोक प्रेमानं हे करतात आणि दगडाचं नुकसान होतं. फ्लॅशही नको. गाभाऱ्यात फोटो काढायचा असेल तर आधी पुजाऱ्यांना विचारा. पूजा चालू असेल तर फोन खिशात.

वऱ्हाडातला उन्हाळा आणि कॅमेरा यांचं गणित वेगळं आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या वेळी माणसाचा फोटो काढला तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी आठ-साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतरच बाहेरचं काम करावं. मधला वेळ ओसरीतला, पडवीतला. दारातून आत येणारा उजेड माणसाच्या चेहऱ्यासाठी फार चांगला असतो. डिसेंबरात मात्र ऐन दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४६ अंशांवर असतो, म्हणून हिवाळ्यात दिवसभर प्रकाश तिरपा आणि मऊ मिळतो. आपल्या भागात फोटोसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सोन्यासारखे आहेत. नेमक्या त्याच काळात कॉलेजच्या परीक्षा येतात, त्याला इलाज नाही. रविवार राखून ठेवा.

यंत्राबद्दल फार लिहिणार नाही. पहिलं वर्ष हातात आहे तोच मोबाइल. लेन्स सुती रुमालानं पुसा, कारण फोटो धुरकट येण्याचं निम्मं कारण बोटाचे ठसे असतात. बोटांनी चिमटा उघडून झूम करू नका, दोन पावलं पुढं जा. स्क्रीनवर उभ्या-आडव्या रेषा दाखवण्याची सोय चालू करा, म्हणजे क्षितिज कलंडणार नाही. वर्षभर दर आठवड्याला फोटो काढून, नोंद ठेवूनही हात शिवशिवत असतील, तर जुना पण चांगल्या स्थितीतला कॅमेरा बघा. तोही तालुक्याच्या एखाद्या स्टुडिओवाल्याला सोबत नेऊन. लग्नाच्या हंगामात त्यांच्याकडे मदतनीस लागतो. लाइट धरणं, बॅटऱ्या सांभाळणं, गर्दीत वाट काढणं, ही कामं करत एक हंगाम काढला तर जे शिकायला मिळतं ते व्हिडिओ बघून येत नाही.

एक तांत्रिक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण ती आपल्याच मातीशी बांधलेली आहे. कॅमेऱ्याला रंग कळत नाहीत, सरासरी उजेड कळतो. समोर जे असेल ते मध्यम करड्या उजळपणाचं दाखवायचं, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून फुटलेल्या पऱ्हाटीच्या वावराचा फोटो काढला की पांढरा कापूस मळकट येतो, आणि काळ्या दगडाचं देऊळ काढलं की ते राखेसारखं फिकट येतं. उपाय सोपा आहे. स्क्रीनवर विषयावर बोट ठेवा, बाजूला छोटा सूर्य दिसतो. कापूस असेल तर तो किंचित वर सरकवा, दगड असेल तर खाली. पांढरं पांढरं आणि काळं काळं दिसेपर्यंत. कापूस आणि काळा पाषाण या दोन गोष्टी जमल्या की पुढं बर्फ आला काय आणि कोळशाची खाण आली काय, अडचण येणार नाही.

पहिल्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मी एकच सुचवतो : एक धुरा, बारा महिने. घरचं वावर असेल तर उत्तम, नसेल तर ओळखीच्यांचं. धुऱ्यावरचं एक झाड किंवा दगड ठरवा. त्याच जागी उभं राहून, फोन त्याच उंचीवर धरून, दर पंधरा दिवसांनी एक फोटो. रोहिणीत वखरलेली काळी जमीन, मृगानंतरची पेरणी, डवरणी, सोयाबीन पिवळं पडतानाचे दिवस, तुरीचा पिवळा फुलोरा, कापूस वेचणी, आणि मग पुन्हा उघडी जमीन. चोवीस फोटो ओळीनं लावले की वऱ्हाडातलं एक वर्ष दिसतं. हे करताना एक भान ठेवा. फवारणी चालू असलेल्या किंवा नुकत्याच फवारलेल्या वावरात फोटोसाठी शिरू नका. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. उंच गवतातून जायचं तर फुलपॅन्ट आणि बूट हवेत. पावसाळ्याच्या शेवटी विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळतात. तो ताप गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येतो. ढग गडगडायला लागले की काम थांबवायचं. मोकळ्या वावरात आणि एकट्या झाडाखाली दोन्हीकडे धोका असतो, पक्क्या छताखाली जायचं.

याच धुऱ्यावर उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन दिसेल. इथं थांबून एक बोलायचं आहे. विदर्भात बाहेरून येणारे अनेक जण या भेगांचा फोटो काढून त्याखाली 'दुष्काळ' असं लिहितात. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि फाटते. हा तिचा स्वभाव आहे. चांगलं पीक झालेल्या वर्षातही एप्रिल-मे महिन्यांत ती फाटतेच. शेतकऱ्याचं दुःख खरं आहे, ते इथं राहणाऱ्याला कुणी सांगायला नको. पण त्या दुःखाचा पुरावा म्हणून चुकीचा फोटो पुढं केला की खऱ्या दुःखावरचाही विश्वास उडतो. कपाळाला हात लावून बसायला सांगितलेला शेतकरी तर आणखी वाईट. तुम्ही त्याच माणसाला पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांना रंग लावताना पाहिलेलं असतं, झडत्या म्हणताना ऐकलेलं असतं. बाहेरच्या फोटोग्राफरला तो एकाच दिवशी भेटतो, तुम्हांला वर्षभर भेटतो. तुमच्याजवळ असलेलं हे भांडवल लाखाच्या कॅमेऱ्याहून मोठं आहे.

माणसांचे फोटो विचारून काढायचे. आधी बोला, मग विचारा, मग फोन काढा. कापूस वेचणाऱ्या एका बाईंना मी एकदा विचारलं, "काकू, एक फोटो काढू काय?" त्या म्हणाल्या, "काहाले बाप्पा, मी अशी घामेजलेली." मी फोन ठेवून दिला. धुऱ्यावर बसून थोडं बोललो, पाणी प्यालो. निघताना त्यांनीच पदर सारखा केला, ओटीतला कापूस वर दिसेल असा धरला आणि म्हणाल्या, "काढा आता." त्या शेवटपर्यंत नाहीच म्हणाल्या असत्या, तर तो फोटो काढायचाच नव्हता. नाही म्हणजे नाही. लहान मुलांचा फोटो आईबापांच्या परवानगीशिवाय कुठंही टाकू नये. शाळेचं नाव, घराची जागा दिसेल असा तर मुळीच नाही. आणि काढलेला फोटो ज्याचा त्याला छापून नेऊन द्यायचा. एक प्रिंट फार महाग नसते. आठवडी बाजारातल्या भाजीवाल्याला त्याचा फोटो नेऊन दिलात, की पुढच्या आठवड्यात सगळी ओळ तुम्हांला हाक मारते. दाखवायचे फोटो त्यानंतरच मिळायला लागतात.

आपल्या तालुक्यात फासेपारधी समाजाचे बेडे आहेत. मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी पारधी मुलांसाठी उभी केलेली 'प्रश्नचिन्ह' ही आश्रमशाळा आहे. कॅमेरा घेऊन अशा ठिकाणी दया गोळा करायला जाऊ नका. जायचं तर शिकायला जा. पाखराचा आवाज ऐकून त्याचं नाव आणि ठिकाण सांगणारी माणसं पारध्यांत पिढ्यान्‌पिढ्या झाली. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आल्यावर पारध संपली. ते ज्ञान कुणी लिहून ठेवलं नाही, तर तेही जाईल. अशा एखाद्या आजोबांसोबत काढलेली सकाळ, त्यांनी सांगितलेली पाखरांची पारधी नावं आणि त्यांच्या परवानगीनं काढलेला एक फोटो. त्यात तुमच्या छंदातलं प्रवास आणि फोटोग्राफी दोन्ही आलं, बसचं तिकीट न काढता.

पाखरांकडे वळलोच आहोत, तर सुगरणीपासून सुरुवात करा. पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला तिची घरटी लटकतात. घरटं विणतो तो नर. अर्धं झालं की मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर पुढं काम होतं, नाही तर ते तसंच लोंबकळत राहतं. एक झाड आठवड्यातून दोनदा बघितलंत तर हे सगळं डोळ्यांसमोर घडतं. आकाश पांढरं असल्यानं पाखरू काळं येतं, तेव्हा बोट पाखरावर ठेवून उजेड वाढवा. विहिरीला कठडा नसेल तर पलीकडच्या धुऱ्यावरून काढा, काठावर वाकायचं नाही. हिवाळ्यात जवळच्या तलावांवर चक्रवाक, पट्टकदंब, तलवार बदक असे दूरचे पाहुणे उतरतात. दसऱ्याला आपण नीलकंठ म्हणून ज्याला शोधतो तो नीलपंख रस्त्याकडेच्या तारेवर बसलेला असतो. मोबाइलमध्ये हे पाखरू ठिपक्याएवढं येईल. येऊ द्या. ठिपका, तलावाचं नाव, तारीख आणि किती होते ते लिहा. अशी नोंद पाच वर्षं ठेवली तर ती अभ्यासकांच्या कामाची होते. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' वाचनालयात मिळतो का बघा.

घरट्याचा जवळून फोटो काढायचा नाही. आवाज वाजवून पाखरू बोलवायचं नाही. मेळघाटात रानपिंगळा आहे. हे घुबड ११३ वर्षं कुणाला दिसलं नव्हतं, ते जगातून संपलं असं मानलं जात होतं. १९९७ साली ते शहाद्याजवळ सापडलं आणि पुढं मेळघाटातही. अशा पाखराची नेमकी जागा फोटोसोबत जगजाहीर केली की दुसऱ्या आठवड्यात तिथं गर्दी होते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात जागेची नोंद आपोआप होत असते. दुर्मीळ पाखरू, घरटं आणि मुलांचे फोटो पाठवण्याआधी ती काढून टाका.

आता लांबच्या प्रवासाविषयी. गावाला रेल्वे नाही, बडनेरा किंवा चांदूर रेल्वे गाठावं लागतं. पण अमरावती-यवतमाळ रस्त्यावर असल्यानं एसटीची सोय बरी आहे. विद्यार्थ्यांचा पास फक्त ठरलेल्या मार्गावर चालतो हे लक्षात ठेवा. मुलींना आणि बायकांना मार्च २०२३ पासून एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे. दिवाळीच्या सुट्टीत मोठा दौरा करायचा तर 'आवडेल तेथे प्रवास' ही एसटीचीच योजना आहे, चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो. निघण्याआधी आगारात त्या वेळचे दर आणि कोणत्या गाड्यांना तो चालतो ते विचारून घ्या. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे चालक-वाहकांकडून पक्कं करून मगच फोटोला लागा. संध्याकाळचा प्रकाश बघत राहून गाडी चुकवण्याची वेळ माझ्यावर दोनदा आली आहे. दुसऱ्या खेपेला थंडीत स्टँडच्या बाकावर रात्र काढली.

कुठं जायचं? एका दिवसात होण्यासारखं बरंच आहे. अमरावतीचं अंबागेट आणि परकोट. कारंजा लाडचे जुने वाडे, वेशी आणि जैन मंदिरांतलं लाकडी कोरीवकाम. मूर्तिजापूरला शकुंतलेचे अरुंद रूळ : यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही छोटी गाडी वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातली गेली आणि आता थांबली आहे. तिच्या स्टेशनांचे फोटो आज काढायला हवेत, पुढच्या दहा वर्षांत काय उरेल सांगता येत नाही. दर्यापूर तालुक्यात लासूरला आनंदेश्वराचं काळ्या दगडाचं देऊळ आहे, त्याचा मंडप वर आकाशाला उघडा आहे. खंडेश्वरात तुम्ही प्रकाशाचा जो धडा घेतला, तो तिथं ताडून पाहा. दोन्ही देवळांचे फोटो शेजारी ठेवलेत तर एक चांगला छोटा निबंध होईल.

चिखलदऱ्याला तर सगळेच जातात. तुम्ही गेलात की पॉइंटवरची गर्दी सोडून गाविलगडावर अर्धा दिवस घालवा. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला, तेव्हा तो नागपूरकर भोसल्यांकडे होता. दरवाजावर कोरलेला दोन डोक्यांचा गंडभेरुंड शोधा. दगड तिरप्या उजेडात काढायचा, हे आता सांगायला नको. दरीच्या कडेला, विशेषतः धुक्यात, मागं सरकत फोटो काढू नये. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मोबाइल आणि ड्रोनबद्दलचे नियम बदलत असतात, गेटवर आधी विचारा. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत तिपाई लावायची तर परवानगी लागते. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो म्हणून त्याचा मोह होतो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे आणि गाडी थांबवून फोटो काढणं जिवावरचं आहे.

गड फिरायचे आणि टिपायचे म्हटलं की मला गो. नी. दांडेकर आठवतात. त्यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला, परतवाड्याचा, १९१६ चा. एकाच गडावर ते पुन्हा पुन्हा जात राहिले. त्यांनी कॅमेऱ्यानं काढलेले गडांचे फोटो पुढं 'गोनीदांची दुर्गचित्रे' या पुस्तकात आले. आज त्यातल्या एखाद्या दरवाजाचा बुरूज ढासळला असेल तर तो कसा होता हे त्या फोटोवरून कळतं.

वही कशी ठेवायची ते सांगतो. शंभर पानी साधी वही. प्रत्येक फेरीला एक पान. तारीख, वेळ, जागा, आकाश कसं होतं, कोण भेटलं, काय सांगितलं, किती फोटो काढले आणि त्यातले कोणते ठेवले. माणसांची नावं आणि त्यांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे. घरी आल्यावर त्याच रात्री फोटो निवडा. शंभरातले पाच ठेवा, बाकीचे पुसा. हे सगळ्यात अवघड जातं. फाइलला नाव देताना आधी साल, मग महिना, दिवस, मग गाव. प्रत्येक ठेवलेल्या फोटोच्या प्रती दोन वेगळ्या जागी हव्यात. माझ्याकडची कित्येक वर्षांची पोळ्याची चित्रं एकाच डिस्कवर होती. ती डिस्क एका सकाळी उघडली नाही. त्यात वडिलांच्या शेवटच्या पोळ्याचा फोटो होता. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो दबून लहान होतो, तो प्रत म्हणून धरू नका. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

त्याच वहीच्या मागच्या बाजूनं दुसरं काम सुरू करा. घरातल्या लोखंडी पेटीत आजी-आजोबांचे फोटो असतील. खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, फोन फोटोला समांतर धरून त्यांच्या प्रती काढा. मग आजीजवळ बसून एकेका चेहऱ्याचं नाव विचारा. कोणाचं लग्न, कोणत्या साली, बैलांची नावं काय होती. हे लवकर करा. फोटो पेटीत आणखी वीस वर्षं टिकतील, नावं सांगणारं माणूस तितकी वर्षं असेलच असं नाही.

हे सगळं वर्षभर केलंत तर विद्यापीठाच्या युवा महोत्सवातल्या स्पॉट फोटोग्राफीत जरूर उतरा. तिथं विषय ऐनवेळी मिळतो आणि वेळ मोजका असतो. एकाच जागी चार वेळा जाऊन उजेड ओळखायला शिकलेला मुलगा तिथं गडबडत नाही. बक्षीस मिळो न मिळो, इतरांचे फोटो बघायला मिळतात. आणि पुढच्या मुलाखतीत कुणी फोटो दाखवा म्हटलं तर फोनसोबत वहीही पुढं ठेवा.

पहिलं पान कसं दिसावं, याचा नमुना देतो. माझ्या वहीतलं आहे, तुमचं तुम्ही लिहालच.

"रविवार. खंडेश्वर देऊळ. संध्याकाळी ५.१०. आकाश स्वच्छ, वारा नाही. डावीकडच्या खांबावर ऊन तिरपं, १५ मिनिटं टिकलं. शिलालेखाचे ६ फोटो, टॉर्च उजवीकडून. तिसऱ्या ओळीतलं एक अक्षर लागलं नाही. पायरीवर एक आजी झेंडूची फुलं घेऊन बसल्या होत्या. नाव विचारलं, फोटो विचारून काढला. प्रिंट द्यायची आहे. पुढच्या वेळी सकाळी यायचं, टॉर्च डावीकडून."